मालमोटारीचे इंजिन बदलण्याची रास्त मजुरी : नाशिकच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

गॅरेजचे बिल हा इतिहासाच्या अभ्यासकाने फारसा न हाताळलेला दस्तऐवज आहे. प्रस्तुत लेखकाच्या घरी एक जुना ट्रक होता. कांद्याच्या हंगामात चांदवडजवळच्या राहुड घाटात त्याचे इंजिन बसले आणि तो ओढून नाशिकच्या एका गॅरेजात आणावा लागला. त्या कामाचे बिल घरच्या कागदपत्रांत अद्याप आहे. त्यात पिस्टन संच, लायनर, बेअरिंग, हेड गॅस्केट, क्लच प्लेट, ऑइल, नटबोल्टसुद्धा असे सुट्या भागांचे वीसहून अधिक नग एकाखाली एक लिहिलेले आहेत. प्रत्येकापुढे नग आणि किंमत आहे. सर्वांत खाली 'मजुरी' हा एकच शब्द आणि त्यापुढे एक ठोक रक्कम आहे. त्या एका ओळीवरून मालक आणि मिस्त्री यांच्यात जे वाजले, ते मिटेपर्यंत ट्रक आठवडाभर गॅरेजच्या दारात उभा राहिला. सुट्या भागांच्या ओळींविषयी मात्र कोणीही तक्रार केली नव्हती.

मालाचा तपशील आणि श्रमाचा ठोक आकडा, ही रचना त्या एका गॅरेजची लहर नव्हे. तिच्यामागे दीर्घ इतिहास आहे. दुरुस्तीच्या श्रमाचे मोल कशावरून ठरवावे हा प्रश्न महाराष्ट्रातील खेड्याने एका रीतीने सोडविला होता, कारखान्याने दुसऱ्या रीतीने सोडविला आणि रस्त्याकडेच्या गॅरेजने तो बहुतांशी उघडाच ठेवला. इंजिन बदलण्याची रास्त मजुरी केवळ तासांच्या गणितातून निघत नाही, कारण त्या ठोक रकमेत हातांचा वेळ, मिस्त्रीची पारख आणि नंतरची जबाबदारी अशी तीन निराळी मोले एकत्र बांधलेली असतात, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. हे गाठोडे सोडविल्याशिवाय ट्रकमालकावर अन्याय झाला की मिस्त्रीवर, हे सांगता येत नाही. तिसऱ्या एका घटकावर, म्हणजे हाताखालच्या हेल्परवर, झालेला अन्याय तर दिसतसुद्धा नाही.

बलुते आणि नवे काम

मोटार येण्यापूर्वी नाशिकच्या रस्त्यांवर बैलगाडी होती आणि तिची दुरुस्ती गावचा सुतार व लोहार करीत. या दोघांना बलुतेदारांच्या बहुतेक याद्यांत वरच्या ओळीत स्थान आहे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या व्यवस्थेचे जे चित्र आहे, ते वाचताना एक गोष्ट ध्यानी येते : या व्यवस्थेत दुरुस्तीला स्वतंत्र किंमत नव्हती. नांगराचा फाळ शेवटणे, गाडीच्या चाकाचा आरा बदलणे ही कामे वर्षभर, लागतील तेव्हा, करायची आणि सुगीला खळ्यावरून धान्याचा वाटा न्यायचा. काम किती वेळा पडले याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. परंतु नवी गाडी करावयाची झाल्यास तिची मजुरी वेगळी ठरे. जुने चालते ठेवणे हे बलुत्यात, नवे घडविणे हे बलुत्याबाहेर, अशी ही सीमारेषा होती.

आत्रे बलुतेदारीचे भाबडे स्तुतिपाठक नव्हते. कुणब्याला ही व्यवस्था जाचक झाली आहे, असेच त्यांचे एकंदर मत दिसते. बलुतेदाराच्या बाजूने पाहिले तरी तीत जातीची सक्ती होती, काम नाकारण्याची मुभा नव्हती आणि वाट्याचे माप बहुधा दुसऱ्याच्या हातात होते. तेव्हा 'पूर्वी मजुरी रास्त होती' असे कोणी म्हणेल तर ते मान्य करता येणार नाही. मात्र त्या व्यवस्थेत एक तत्त्व गृहीत धरलेले होते, आणि ते पुढे हरवले. दुरुस्ती करणाऱ्याला मिळणारा मोबदला एका कामाचा नसून वस्तू चालू राहण्याच्या जबाबदारीचा असतो, हे ते तत्त्व होय. सुताराने घातलेला आरा महिन्यात निघाला तर तो पुन्हा बसविण्याचे पैसे कोणी मागत नसे आणि देतही नसे.

इंजिन बदलणे या सीमारेषेच्या नेमके मधोमध येते. ट्रक तोच राहतो, म्हणून ती दुरुस्ती. पण त्याचे काळीज नवे येते, म्हणून ते नवे काम. मालक त्याकडे दुरुस्ती म्हणून पाहतो, मिस्त्री नवे काम म्हणून. गॅरेजच्या दारातील पुष्कळशा वादांचे मूळ या दोन दृष्टींत आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

पेट्रोलचे डिझेल : इंजिनबदलाचा पहिला काळ

थळ घाटातून लोहमार्ग १८६५ मध्ये इगतपुरीस पोहोचला आणि मुंबई-आग्रा रस्त्यावरील लांब पल्ल्याची मालवाहतूक रुळांवर गेली. ती रस्त्यावर परतली मोटारीमुळे, आणि तीही टप्प्याटप्प्याने. धनंजयराव गाडगीळ व गोगटे यांनी मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी केली. ती गोखले संस्थेने १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. एक-दोन गाड्यांचे मालक आणि त्यांची आपसांतील स्पर्धा हा त्या काळाचा मोटारधंदा होता. प्रवासी वाहतुकीचे पुढे राष्ट्रीयीकरण झाले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. मालवाहतूक मात्र खासगी हातांतच राहिली, आणि छोट्या मालकांच्या हातांत राहिली. नाशिकच्या गॅरेजचा इतिहास समजून घेताना ही बाब निर्णायक आहे. ज्याच्याकडे शंभर गाड्या असतात तो स्वतःची कार्यशाळा उभारतो. ज्याच्याकडे एक गाडी असते त्याला मिस्त्री शोधावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विक्रीस काढलेले फोर्ड, शेव्हरोलेट आदी बनावटींचे ट्रक देशभर खासगी धंद्यात आले. ते पेट्रोलवर चालत. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला डिझेल ट्रक काढले, लेलँडची वाहने मद्रासला तयार होऊ लागली आणि मद्रासच्याच सिम्पसन कंपनीने पर्किन्सची पी-६ ही सहा सिलिंडरची डिझेल इंजिने बनविण्यास घेतली. पेट्रोल आणि डिझेल यांच्या खर्चातील तफावत पाहता, जुन्या पेट्रोल ट्रकच्या सांगाड्यावर डिझेल इंजिन चढविणे छोट्या मालकाला परवडू लागले. इंजिनबदल हे रस्त्याकडेच्या मिस्त्रीचे खास काम म्हणून रूढ झाले ते याच काळात.

हे काम साधे नव्हते. डिझेल इंजिन अधिक वजनदार असते आणि त्याचे पाये जुन्या चासीच्या भोकांवर बसत नाहीत. गिअरबॉक्सशी जुळणी करण्यासाठी मधली तबकडी लेथवर नव्याने कातावी लागे. रेडिएटर पुढे सरकवावा लागे. कंपनीचे कोणतेही पुस्तक हे शिकवीत नव्हते, कारण कंपनीच्या दृष्टीने असा संयोग अस्तित्वातच नव्हता. तेव्हा मिस्त्रीने जी रक्कम मागितली ती श्रमाची कमी आणि शोधाची अधिक होती. उक्ते काम घेण्याची पद्धत येथे रुजली, यात नवल नाही. किती दिवस लागतील हे ठाऊक नसलेल्या कामाची रोजंदारी मालक मान्य करणार नाही आणि मिस्त्रीही आपल्या चुकत-माकत शिकण्याचा हिशेब दाखविणार नाही. ठोक आकडा दोघांच्याही सोयीचा होता.

पुढे चित्र पालटले. टाटा आणि लेलँड यांचे ट्रक सर्वत्र झाले आणि त्याच बनावटीच्या जागी तीच बनावट बसविण्याचे काम नेमस्त झाले. शोधाचे मोल संपले, पण ठोक आकड्याची रीत उरली. रीत तिच्या कारणापेक्षा अधिक काळ जगते, हे सामाजिक इतिहासात वारंवार आढळते.

कारखान्याचे घड्याळ

याच शतकात कारखान्याने श्रमाचे मोल ठरविण्याची निराळी पद्धत आणली. कामाचे तुकडे पाडावयाचे, प्रत्येकास लागणारा वेळ घड्याळाने मोजावयाचा आणि त्या प्रमाणवेळेस दराने गुणावयाचे. फ्रेडरिक टेलरचे नाव या पद्धतीशी जोडलेले आहे. फोर्ड कंपनीने १९१३ मध्ये सरकत्या पट्ट्यावर जोडणी सुरू केल्यानंतर हीच शिस्त विक्रेत्यांच्या दुरुस्ती-दुकानांतही नेण्याचा प्रयत्न केला. प्रत्येक दुरुस्तीस ठरावीक वेळ आणि ठरावीक दर असावा, अशी ती कल्पना होती. स्टीफन मॅकइन्टायर यांनी 'टेक्नॉलॉजी अँड कल्चर' या नियतकालिकातील आपल्या लेखात (२०००) हा प्रयत्न कसा फसला ते दाखविले आहे. कारण समजण्याजोगे आहे. नवी मोटार दुसऱ्या नव्या मोटारीसारखीच असते. जुनी मोटार मात्र दुसऱ्या जुन्या मोटारीसारखी नसते. एकीचा बोल्ट हाताने निघतो, दुसरीचा गंजून बसलेला बोल्ट कापावा लागतो.

नाशिकला ही दोन्ही जगे शेजारी आहेत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि त्यानंतर सातपूर व अंबड या वसाहती उभ्या राहिल्या. सातपूरच्या मायको, म्हणजे आजच्या बॉश, कारखान्यात डिझेल इंजिनाची नोझले तयार होतात. तेथील कामगाराचे वेतन करार, महागाई भत्ता आणि उत्पादनाचे प्रमाण यांनी ठरते. तेच नोझल काही किलोमीटरवरील द्वारका किंवा आडगाव परिसरातल्या गॅरेजात इंजिनात बसविणाऱ्या माणसाचे वेतन यांपैकी कशानेही ठरत नाही. एकाच वस्तूच्या भोवती श्रमाच्या दोन न्यायव्यवस्था नांदत आहेत.

या दोहोंच्या मध्ये राज्य परिवहनासारख्या उपक्रमांची कार्यशाळा येते. तेथे दुरुस्त केलेली इंजिने आधीच तयार ठेवतात. बसचे इंजिन बिघडले की ते उतरवून तयार इंजिन चढवावयाचे आणि बिघडलेले मागाहून सावकाश खोलावयाचे. गाडी थोडक्या वेळात रस्त्यावर जाते आणि कामगाराचा पगार महिन्याचा असल्याने 'या इंजिनाचे किती' हा प्रश्नच उद्भवत नाही. गंमत अशी की, दुरुस्ती करणाऱ्यास कामागणिक पैसे न देता गाड्या चालत्या ठेवण्याबद्दल पैसे द्यावयाचे, हे बलुत्याचे तत्त्व जातीच्या सक्तीविना येथे पुन्हा अवतरले. पण त्यासाठी शेकडो गाड्यांचा ताफा लागतो.

एका इंजिनाचा हिशेब

आता काम प्रत्यक्ष काय असते ते पाहू. सहा सिलिंडरचे ट्रकचे इंजिन उतरविण्यासाठी आधी ऑइल आणि पाणी काढावे लागते. पुढची जाळी, रेडिएटर व पंखा काढल्यावर डिझेलच्या नळ्या, वायरिंग, सायलेन्सरचा पाइप सोडवितात. गिअरबॉक्स मागे ओढतात, मग पायांचे बोल्ट काढून चेनपुलीने इंजिन उचलतात. चार-पाचशे किलोंचे हे धूड साखळीला लोंबत असताना खाली कोणी उभे राहू नये, हा नियम सर्वांस ठाऊक आहे आणि जागा अरुंद असल्याने तो सर्रास मोडला जातो. तयार इंजिन चढवावयाचे असेल तर हीच क्रिया उलट्या क्रमाने होते. गॅरेजच्या भाषेत 'फुल इंजिन' करावयाचे असेल, तर उतरविलेले इंजिन खोलून, बोअर व क्रँक मशीनशॉपमध्ये पाठवून, ते परत आल्यावर पुन्हा बांधावे लागते. 'इंजिन बांधणे' हा शब्दप्रयोग अर्थपूर्ण आहे. घर बांधतात तसे ते बांधतात, आणि बांधणाऱ्याचे नाव त्यास चिकटते.

मोलाची रचना स्पष्ट व्हावी म्हणून एक मानीव उदाहरण घेऊ. तयार इंजिनाची केवळ उतरव-चढव आहे, एक मिस्त्री आणि दोन हेल्पर दोन दिवस लागले आहेत. मिस्त्रीचा रोज १२०० रुपये व हेल्परचा ६०० रुपये धरला, तर हातांच्या वेळेचे मोल ४८०० रुपये होते. जागेचे भाडे, चेनपुली, हत्यारे, वीज यांपोटी चौथाई, म्हणजे १२०० रुपये जोडू. येथपर्यंत ६००० रुपये झाले, आणि येथपर्यंत मालकालाही फारसे अमान्य नसते. पुढचा भाग वादाचा. चढविल्यानंतर महिन्याभरात कोठे ऑइल गळले, क्लच घसरू लागला, तर मिस्त्री ते फुकट करून देणार आहे. दर सहा-सात कामांत एक असे परत येते असे मानले, तर त्या एकाचा खर्च उरलेल्यांवर पडतो आणि मजुरी सात हजारांच्या आसपास जाते. मालकाला वाटते, वरचे हजार मिस्त्रीच्या खिशात गेले. वस्तुतः तो विम्याचा हप्ता आहे.

मात्र याच तर्काची दुसरी बाजू अशी की, ज्या गॅरेजात परत आलेल्या कामाचे पुन्हा पैसे घेतले जातात, तेथे त्या वरच्या हजारांवर मिस्त्रीचा हक्क उरत नाही. आरंभी उल्लेखिलेल्या बिलातील वाद नेमका असा होता. मजुरी जबाबदारीसकट आकारलेली होती. पहिल्याच फेरीत ऑइल गळू लागल्यावर मात्र ती जबाबदारीशिवाय होती असे सांगण्यात आले. मजुरी जास्त होती की नव्हती, हे त्या वेळी घरात कोणालाच सांगता आले नाही, कारण ती कशाची होती हेच लिहिलेले नव्हते.

मालकाच्या बाजूचा आणखी एक खर्च बिलात कधीच येत नाही. उभ्या ट्रकचा हप्ता, कर, विमा चालूच राहतो. लासलगाव-पिंपळगावचा कांदा निघत असताना चार दिवस उभा राहिलेला ट्रक आणि भर पावसाळ्यात चार दिवस उभा राहिलेला ट्रक यांचे नुकसान सारखे नसते. म्हणून हंगामात मालक स्वतःच 'जास्त घे, पण लवकर दे' असे म्हणतो, आणि हंगाम सरल्यावर तीच वाढीव मजुरी त्याला लूट वाटते. मिस्त्री हंगामाचा दर मागतो तेव्हा तो फक्त मालकाच्या घाईत वाटा मागत असतो. हा वाटा रास्त की नाही, याविषयी प्रस्तुत लेखकाचे मत असे की, रात्री जागून काम केले असेल तरच तो रास्त. एरव्ही तो अडवणुकीचा पैसा आहे.

'योग्य मोबदला' आणि ताबा

ट्रक आठवडाभर अडवून ठेवण्याचा मिस्त्रीला अधिकार होता काय? होता. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १७० सांगते की, सोपविलेल्या वस्तूवर ज्याने श्रम किंवा कौशल्य खर्च केले, त्याला योग्य मोबदला मिळेपर्यंत, विरुद्ध करार नसेल तर, ती वस्तू आपल्याजवळ ठेवता येते. कायद्यातील दाखले हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचे आणि कोट शिवणाऱ्या शिंप्याचे आहेत. शिंप्याने तीन महिन्यांची उधारी कबूल केली असेल तर त्याला कोट अडविता येत नाही. कायद्याने श्रम आणि कौशल्य ही दोन नावे वेगळी घेतली, हे लक्षणीय आहे. पण 'योग्य' म्हणजे किती, हे त्या कलमात सांगितलेले नाही. मोबदला ठरविण्याचे साधन न देता तो वसूल करण्याचे साधन दिले गेले. ताबा ज्याचा, त्याचा आकडा, असा याचा व्यवहारातील अर्थ झाला.

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागण्याची वाट उघडली. पुढे २००२ च्या दुरुस्तीने व्यापारी कारणासाठी घेतलेल्या सेवा त्यातून वगळल्या. मात्र स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्याला अपवाद ठेवला. स्वतः ट्रक चालवून पोट भरणारा मालक या अपवादात बसू शकतो. २०१९ च्या नव्या कायद्यातही ही तरतूद राहिली आहे. परंतु तेथेही अडचण पुराव्याची येते, आणि पुरावा म्हणजे तीच 'मजुरी' ही एक ओळ.

हेल्पर

आतापर्यंतचा विचार मालक आणि मिस्त्री यांच्यापुरता झाला. मालकाने रास्त मजुरी दिली म्हणजे ती राबणाऱ्या हातांपर्यंत पोहोचली, असे होत नाही. मुंबईच्या गिरण्यांतील जॉबरचे स्थान १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटले आयोगापुढे चर्चिले गेले होते. तो कामगार आणायचा, शिकवायचा, त्यांच्यावर हुकमत गाजवायचा आणि त्यांच्या कमाईतून आपला भाग काढायचा. गॅरेजचा मिस्त्री हा त्याचा लहान भाऊ म्हणता येईल. मुलगा हेल्पर म्हणून येतो तेव्हा त्याला पगार थोडा आणि 'काम शिकायला मिळते' हा मोबदला मोठा, असे समजले जाते. शिकण्याची ही किंमत कोठपर्यंत योग्य? पान्याचे नंबर ओळखता येईपर्यंत की स्वतः इंजिन बांधता येईपर्यंत? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने मुदत आणि विद्यावेतन निश्चित केले, परंतु रस्त्याकडेचे गॅरेज त्याच्या कक्षेत क्वचितच आले.

१९४८ साली नेमलेल्या रास्त वेतन समितीने किमान वेतन, रास्त वेतन आणि जीवनवेतन असे तीन स्तर मांडले. रास्त वेतनाची खालची मर्यादा किमान वेतन, वरची मर्यादा उद्योगाची देण्याची ताकद. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान गरजा मोजून दाखविल्या : कुटुंबात तीन उपभोक्ता घटक, प्रत्येकी २७०० उष्मांक, वर्षाला कुटुंबास ७२ वार कापड. ही मापे पुढील वेतनविषयक निवाड्यांचा आधार ठरली. पण ती लागू करण्यासाठी हजेरीपट लागतो आणि निरीक्षक लागतो. तीन-चार माणसांचे गॅरेज कारखाना कायद्याच्या संख्येत बसत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना केवळ सूचना देण्यापुरते बांधले. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून किमान वेतन आता अनुसूचीतील धंद्यांपुरते राहिलेले नाही. कागदावर गॅरेजचा हेल्पर प्रथमच निःसंदिग्धपणे तिच्यात येतो.

बालकामगारांसंबंधीच्या १९८६ च्या कायद्याच्या परिशिष्टात पुढे मोटार गॅरेजे घालण्यात आली आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांस सर्वच धंद्यांत मनाई झाली. ज्यांचे मोल बिलात कधी धरलेच नव्हते, अशा हातांचा तो काळ होता. जुन्या मजुरीचे आकडे आजच्या तुलनेने स्वस्त भासतात, त्यात या न धरलेल्या हातांचा वाटा किती, हे मोजल्याविना 'पूर्वी काम स्वस्तात होई' या विधानास अर्थ नाही.

एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची इंजिने आली. त्यांचा बिघाड कानाने ओळखता येत नाही, संगणक जोडावा लागतो, आणि पारखेचा मोठा भाग अधिकृत सेवाकेंद्राकडे गेला. तेथील बिलात श्रमाचे तास व दर वेगळे छापलेले असतात. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाल्यावर नोंदणीकृत गॅरेजांनाही सेवा आणि माल निरनिराळे दाखवावे लागतात. उरलेल्यांकडे, जुन्या ट्रकांवर जगणाऱ्यांकडे, अद्याप पावतीपुस्तक आहे. त्यात मजुरीच्या ओळीखाली आणखी तीन ओळींची जागा सहज मावते : किती माणसे किती दिवस, कोणत्या दुरुस्तीची किती दिवसांची हमी, आणि हेल्परला किती.